भीती बोलून दाखवणारी गाणी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या सदरात एका भगिनींचं पत्र आलं होतं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मुलांनी जी रॉक गाणी वाजवली ती सगळी अंधाराची, मरणाची, भुताखेतांची होती, अशा गाण्यांनी कोवळ्या मनात भीती बसते, तेव्हा प्राचार्यांनी त्यांच्यावर बंदी घालावी, असं त्यांनी लिहिलं आहे. पत्र कळकळीचं आहे. आईच्या जिवाला लागलेला घोर मला समजतो. पण ते वाचल्यापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही, म्हणून हे उत्तर लिहितो आहे. थोडं लांबेल. जागा नसेल तर काटछाट करा, पण बोटांची हकीकत तेवढी ठेवा.

मी मूळचा कोरेगाव तालुक्यातला. १९८७ साली भोसरीला आलो आणि पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या कारखान्यांत पॉवर प्रेसवर सारी उमेद घालवली. संध्याकाळी शिफ्ट नसेल तेव्हा आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचो. पेटी वडिलांकडून आलेली. इंग्रजी गाण्यांशी माझा काडीचा संबंध नव्हता.

१९९४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. सेकंड शिफ्ट होती. प्रेस जुनी, पायाच्या पेडलवर चालणारी. काम सांगायला सोपं: पत्र्याचा तुकडा उजव्या हाताने डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा, हात काढायचा, पेडल दाबायचं, निघालेला जॉब डाव्या हाताने बाजूला सारायचा. एका शिफ्टला दोन हजारांच्या वर वेळा. या जुन्या प्रेसची खोड अशी की एकदा स्ट्रोक सुटला, म्हणजे वरचा ठोका खाली निघाला, की तो अर्ध्यात थांबवता येत नाही. फ्लायव्हीलचा, म्हणजे मशीनच्या जड चाकाचा, जोर पुरा फेरा मारूनच उतरतो. शिवाय क्लचमध्ये एक चावी असते. तिची स्प्रिंग थकली किंवा तुटली की पेडलवरून पाय उचलला तरी प्रेस आपणहून दुसऱ्यांदा खाली येते. आम्ही म्हणायचो, मशीनने डबल मारला.

अपघाताच्या दोन दिवस आधी तिने एकदा डबल मारला होता. हात नेमका बाहेर होता म्हणून वाचलो. पोटात गोळा आला, मान घामाने भिजली. चहाच्या सुट्टीत सांगायचं ठरवलं, शब्द ओठापर्यंत आले. पण शॉपमध्ये 'भीती वाटते' म्हणणारा माणूस म्हणजे कच्चा गडी. हात थरथरत असतील तर गावाला जा आणि म्हशी राख, हे मी दुसऱ्यांना ऐकवलेलं ऐकलं होतं, एकदा मीही कुणाला तरी ऐकवलं होतं. मी चहा प्यायलो आणि मशीनवर जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोघांची वरची पेरं गेली. लगेच दुखलं नाही. हातमोज्याची दोन टोकं चपटी झालेली दिसली आणि मनात आलं, आता नवीन मोजा मागायला स्टोअरला जावं लागणार.

जखम दीड महिन्यात भरली. भीती भरून आली नाही. शेजारच्या घरात पाटा आपटला तरी हात छातीशी यायचा. पेटीवर कापड टाकलं ते तीन वर्षं उचललं नाही. आणि ती प्रेस आधी एकदा डबल मारून गेली होती, हे मी घरात कुणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग तुम्ही बोलला का नाहीत?

आता गाण्यांकडे येतो.

मुलगा २००७ साली इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. खोलीचं दार लावून तो जे काही ऐकायचा ते मला त्या भगिनींसारखंच वाटायचं. घरात देवाधर्माचं सोडून हे काय चाललंय म्हणून मी एकदा त्याच्या सीड्या माळ्यावर टाकून दिल्या. त्याने वाद घातला नाही. माळ्यावरून एक सीडी काढून आणली आणि म्हणाला, "अण्णा, रागावायचं ते नंतर रागवा. आधी ह्या माणसाचं ऐका. ह्याची पण बोटं प्रेसमध्येच गेलीत."

तो माणूस म्हणजे टोनी आयोमी, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. कारखान्यांचं शहर, आपल्या पिंपरी-चिंचवडसारखं. १९६५ साली सतरा वर्षांचा हा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता आणि नोकरी सोडून गिटार वाजवायला निघाला होता. त्या दिवशी त्याची शेवटची पाळी होती. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जाऊच नये असं त्याच्या मनात होतं. काम पुरं करून ये म्हणून आईने पाठवलं. प्रेसवरचा नेहमीचा माणूस आला नव्हता, म्हणून याला तिथे बसवलं. मशीन खाली आलं, याने हात ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तिथेच राहिली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या पट्टीवर फिरणारा हात हाच. डॉक्टर म्हणाले, वाजवणं विसर.

त्याच्या कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. जळालेल्या हाताच्या दोन धड बोटांवर गिटार वाजवणारा हा कलावंत. मग आयोमीने घरी भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्या गोळ्या केल्या, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्यांना भोकं पाडून बोटांवर टोप्या बसवल्या, वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या अल्बममधल्या बऱ्याच गाण्यांत तारा दीड सूर उतरवून सैल केल्या. जगभरची पोरं ज्या जड, खालच्या आवाजाला हेवी मेटल म्हणतात, त्याच्या मुळाशी पत्र्याच्या प्रेसने खाल्लेली दोन बोटं आहेत. मुलाने हे सांगितलं तेव्हा मी माझा हात पाठीमागे नेला होता, मला अजून आठवतं.

मग त्याने ते गाणं लावलं. आयोमीच्या बँडचं नाव 'ब्लॅक सॅबथ', पहिल्या अल्बमचं नाव तेच, पहिल्या गाण्याचंही तेच. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवारी तो अल्बम इंग्लंडमध्ये आला. सगळी गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित केलेली. सुरुवातीला पाऊस, ढगांचा गडगडाट, लांबवर एक घंटा. बराच वेळ एवढंच. आणि मग गिटारचे तीन सूर.

इथे मला पेटीवाला म्हणून बोलू द्या, कारण हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझ्या कानाने पकडलं आहे. पांढरी पाचला सा धरा. आधी तो सा, मग वरचा सा, मग तिथून खाली येऊन काळी एक. काळी एक म्हणजे या सा चा तीव्र मध्यम. तो सूर येतो आणि थरथरत तिथेच उभा राहतो. आमच्या भजनात यमनमधली चाल असली की तीव्र मध्यम रोज लागतो. तिथे तो किती गोड! कारण त्याच्या पुढ्यात पंचम असतो; मध्यम पंचमाकडे जातो, आणि कानाला घरी पोचल्यासारखं वाटतं. मारव्यात पंचमच नसतो, म्हणून तो राग दिवेलागणीला जिवाला हुरहूर लावतो. या गाण्यात तर नुसता सा आणि मध्यम. पंचम येईल, आता येईल म्हणून कान वाट बघतो आणि तो येत नाही. पुन्हा सा, वरचा सा, पुन्हा तोच मध्यम. युरोपात जुन्या काळच्या संगीतकारांनी या अंतराला सैतानाचं अंतर असं नाव पाडलं होतं म्हणे. मला सैतान दिसला नाही. मला डबल मारल्यानंतरचे ते दोन दिवस दिसले. काहीतरी होणार हे ठाऊक आहे, होत नाही, आणि आपण जागचे हलत नाही.

गाण्यातला माणूसही हेच बोलतो. समोर काळी आकृती उभी आहे, ती आपल्याकडे बोट दाखवते आहे, आणि तो देवाचा धावा करतो. त्या भगिनींनी हे नीट ऐकावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. हे सैतानाचं गुणगान नाही. भ्यायलेला माणूस मोठ्याने सांगतो आहे की मी भ्यायलो, मला वाचवा. बँडमध्ये बेस गिटार वाजवणारे गीझर बटलर यांना एका रात्री जाग आली तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी अशी आकृती उभी दिसली होती. त्यांनी ते बँडचे गायक ऑझी ऑझबर्न यांना सांगितलं, ऑझींनी शब्द रचले. ऑझी गाण्यात यायच्या आधी कत्तलखान्यात आणि गाड्यांचे हॉर्न जुळवायच्या कारखान्यात काम करून आलेले. बँडमधले चौघंही बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातले, १९४८ आणि १९४९ साली जन्मलेले. युद्धातल्या बॉम्बने पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यांत खेळून मोठी झालेली पिढी ती. त्यांना भीती गाण्यांनी शिकवली नाही. ती त्यांच्या अंगणात पडलेली होती, त्यांनी ती उचलून गाण्यात ठेवली.

मी त्या दिवशी मुलाला काही बोललो नाही. सीड्या मात्र माळ्यावरून खाली उतरवून ठेवल्या.

नंतर १ फेब्रुवारी २००८ ला 'आयर्न मेडन' हा इंग्लंडचा बँड मुंबईला आला. बांद्रा-कुर्ला संकुलात कार्यक्रम होता, त्यांच्या जगभरच्या दौऱ्यातला पहिलाच. मुलगा मित्रांबरोबर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला तेव्हा त्याचा घसा पुरा बसला होता. त्यांचं एक १९९२ सालचं गाणं आहे, 'फिअर ऑफ द डार्क', स्टीव्ह हॅरिस यांनी लिहिलेलं. रात्रीच्या रस्त्याने एकटा चाललेला माणूस, पाठीमागे कुणीतरी आहे असं त्याला वाटतं, वळून बघितलं तर कुणी नाही. एवढाच विषय, आणि सात मिनिटांचं गाणं. त्यात सुरुवातीला गिटारची जी धून आहे ती मैदानातला सगळा जमाव तोंडाने गातो, शब्दांशिवाय, ओ-ओ करत. मुलगा खरखरत्या आवाजात मला ती म्हणून दाखवत होता. हजारो माणसं एकत्र उभं राहून अंधाराची भीती वाटते असं गातात, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आमच्या दिंडीत जसा एक अभंग सगळ्यांच्या तोंडी असतो, तसंच की हे.

चहा पिता पिता तो एकदम म्हणाला, "अण्णा, मला पेपरला बसायची भीती वाटते. प्रश्नपत्रिका हातात आली की अक्षरंच दिसत नाहीत." गणिताचा विषय दोनदा राहिला होता हे आम्हाला माहीत नव्हतं. दुसरा कुठला दिवस असता तर मी आवाज चढवला असता. त्या सकाळी मी त्याला डबल मारलेल्या स्ट्रोकची गोष्ट सांगितली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. बायको ओट्यापाशी उभी होती. तिने गॅस बंद केला आणि माझ्याजवळ येऊन बसली. माझा उजवा हात हातात घेऊन ती कितीतरी वेळ त्या दोन बोटांवरून अंगठा फिरवत राहिली.

त्यानंतर मी ही गाणी स्वतःहून शोधून ऐकायला लागलो. सगळी आवडली असं नाही. रंगमंचावर खोटं रक्त, कवट्या, किंचाळ्या, असं नुसतं भेडसावणारं पुष्कळ आहे. ते मी बंद करतो, आणि लहान लेकरांच्या कानावर रात्रीच्या वेळी ते पडू नये या मताचा मीही आहे. पण खरी गाणी लगेच ओळखू येतात.

'ब्लॅक सॅबथ'चंच 'पॅरानॉइड' घ्या, १९७० च्याच दुसऱ्या अल्बममधलं. अल्बम लांबीला कमी पडत होता म्हणून घाईघाईत केलेलं, तीन मिनिटांच्या आतबाहेर. गीझर बटलर यांनी त्यात आपल्या मनाची जी अवस्था मांडली तिला आज आपण डिप्रेशन म्हणतो. तेव्हा पोरांच्या तोंडी हा शब्द रुळलेला नव्हता. गाणं आधी आलं.

'रोलिंग स्टोन्स'चं १९६९ चं 'गिमी शेल्टर' ऐका. व्हिएतनामच्या युद्धाचा काळ. त्यात मेरी क्लेटन या बाईंचा आवाज आहे. लॉस एंजेलिसमध्ये मध्यरात्री त्यांना झोपेतून उठवून बोलावलं, दिवस गेलेले होते, केसांना कर्लर लावलेले तशाच त्या गेल्या. एका ओळीवर त्या इतक्या उंच जाऊन सूर लावतात की आवाज चिरतो. दोनदा. मागे बँडचे गायक मिक जॅगर यांच्या तोंडून निघालेला उद्गारही रेकॉर्डमध्ये तसाच राहिला आहे. त्यानंतर लवकरच क्लेटनबाईंचा गर्भ गेला. पुढे कितीतरी वर्षं त्यांना ते गाणं ऐकवत नसे. तो चिरलेला सूर कुणी पुसून काढला नाही, आणि तेच गाणं आज छप्पन्न-सत्तावन्न वर्षांनीही लोक ऐकतात.

आणि 'पिंक फ्लॉइड'. १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमसाठी या बँडमधल्या रॉजर वॉटर्स यांनी कार्डांवर प्रश्न लिहिले आणि लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत जो सापडेल त्याला विचारले. त्यातला एक प्रश्न, तुम्हाला मरणाची भीती वाटते का? पॉल मॅकार्टनींसारख्या नावाजलेल्या माणसानेही उत्तरं दिली. ती जपून दिलेली वाटली म्हणून घेतली नाहीत. स्टुडिओच्या दारावरच्या आयरिश माणसाने सरळ उत्तर दिलं, ते घेतलं. तो आवाज अल्बममध्ये आहे, 'द ग्रेट गिग इन द स्काय' या गाण्यात. त्याच्यानंतर क्लेअर टॉरी या गायिका एकही शब्द न वापरता नुसत्या आवाजाने रडतात, ओरडतात, शांत होतात. दारावरच्या माणसाला कुणीतरी हा प्रश्न विचारला, याचंच मला मोल वाटतं. मला चोवीस वर्षं कुणी विचारला नव्हता.

आमच्या मंडळात एक कीर्तनकार बुवा येतात. त्यांना मी हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, भरतमुनींनी आठ रस सांगितले त्यात भयानक आहेच की, आणि त्याचा रंग काळा सांगितला आहे. संतांनीही काळाचं भय कुठे लपवलं? मग साहेबांच्या देशातल्या कामगारांच्या पोरांनी ते गिटारवर मांडलं तर ते अपवित्र का व्हावं?

२०२५ च्या ५ जुलैला ऑझींचा शेवटचा कार्यक्रम त्यांच्याच ॲस्टनमध्ये, व्हिला पार्क मैदानावर झाला. पार्किन्सनने पाय धरत नव्हते, तरी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून ते गायले. २२ जुलैला गेले. त्या आठवड्यात भजन झाल्यावर मी पेटी मिटायच्या आधी पांढरी पाच, वरची पांढरी पाच आणि काळी एक वाजवली. तर्जनीचं थोटूक काळ्या पट्टीवर आता नीट बसतं. पखवाजावरचे आमचे मित्र पंचमाची वाट बघत थांबले. मी तेच तीन सूर दोनदा वाजवले आणि मग त्यांना सगळी गोष्ट सांगितली.

त्या भगिनींना मला एवढंच सांगायचं आहे की मुलगा असं गाणं ऐकत असेल तर बंदीचा अर्ज करण्याआधी त्याच्याशेजारी बसून ते एकदा पुरतं ऐका. त्याला काय दिसतं ते विचारा. प्राचार्यांनाही माझी विनंती आहे, गॅदरिंगमध्ये ही गाणी राहू द्या. संपादक महोदय, आपल्या रविवारच्या पुरवणीत लताबाई, किशोरदा, भीमसेनअण्णा यांच्यावर लेख येतात, ते मी कापून ठेवतो. अधूनमधून अशा गाण्यांवरही कुणा जाणकाराकडून लिहून घ्यावं.

निवृत्तीनंतर मी आमच्या भागातल्या दोन-तीन छोट्या शॉपमध्ये नव्या पोरांना प्रेसचं काम शिकवतो. दोन्ही हातांची बटणं एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक सुटू नये ही सोय आता बऱ्याच मशीनवर असते, तरी टार्गेटच्या घाईत एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवणारे असतातच. ते मी शिकवतोच. पण पहिल्या दिवशी मी आधी माझा हात टेबलावर ठेवतो आणि विचारतो, इथे आल्यापासून भीती कधी वाटली? पोरं एकमेकांकडे बघतात, हसतात. मी थांबतो.

गेल्या श्रावणात एका तुकडीत लातूरकडचा एक मुलगा होता, आठ दिवसांपूर्वीच लागलेला. सगळे पांगल्यावर तो मागे राहिला आणि हळूच म्हणाला, "काका, तीन नंबरची प्रेस थांबताना वेगळाच आवाज करते. मला तिच्यावर बसायला भीती वाटते." आम्ही मेंटेनन्सवाल्याला बोलावून क्लच उघडला. चावीच्या स्प्रिंगचे दोन तुकडे होऊन ग्रीसमध्ये पडले होते. ते त्याने स्वतःच्या तळहातावर घेतले आणि बराच वेळ बघत राहिला. त्या दिवशी तीन नंबरवर कुणीही बसलं नाही.

आपला,
एक निवृत्त प्रेस ऑपरेटर
भोसरी, पुणे